भाकरी नका सोडू, ताई

पत्र :
मॅडम, मी ४१ वर्षांची आहे. उंची पाच फूट एक इंच. घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते. पिसावर (नगावर) काम असल्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास बसूनच जातात. मे महिन्यात दिराचं लग्न आहे, तोपर्यंत १५ किलो उतरवायचे असं ठरवून दिवाळीनंतर भाकरी, भात, पोळी सगळं बंद केलं. सकाळी ओळखीतल्या एका बाईंकडून घेतलेली पावडर पाण्यातून, दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर आमटी, रात्री काहीच नाही. चहा मात्र पाच-सहा कप होतो. सोमवारचा उपवास असतो. ७९ वरून ७४ वर आले, सगळ्यांनी कौतुक केलं. आता काटा परत ७६ दाखवतो. रात्री अकराला भूक आवरत नाही. मग उभ्या उभ्या चिवडा, शेंगाचटणी, पोरांचं उरलेलं खाते आणि स्वतःचाच राग येतो. पाणी भरताना चक्कर येते, केस मूठमूठ जातात, पाळी दोन महिने आलेली नाही. दहावीतली मुलगीही माझं बघून रात्री जेवत नाही. भाकरीनेच वजन वाढतं का? चालायला जायचं तर दुखऱ्या गुडघ्यांचं काय, आणि वेळ कुठला काढू?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर :
ताई, ती पावडर आजपासून बंद करा. पैसे गेलेत म्हणून उरलेला डबा संपवत बसू नका. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या पावडरी-गोळ्यांमध्ये सिब्युट्रामिन नावाचं औषध गुपचूप मिसळलेलं जगभर वेळोवेळी सापडलं आहे. भूक मारणारं हे औषध हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढून टाकलं गेलं. तुमच्या डब्यात तसं काही नसेलही. पण पावडर कितीही चांगली असली तरी तिच्या जोरावर तुम्ही जेवण टाळताय, आणि दुखणं तिथेच आहे. त्या बाई ओळखीतल्या आहेत, नाही म्हणायला अवघड जातं, हे समजतं. ‘डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय’ एवढं सांगा, पुढे वाद होत नाही.

मग डॉक्टरांकडे खरोखरच जा. पाळी दोन महिने चुकली असेल तर पहिली गोष्ट म्हणजे गर्भचाचणी. मेडिकलमधून पट्टी आणून घरी करता येते. एक्केचाळिसाव्या वर्षीही ती शक्यता असते, आणि गरोदरपणात वजन उतरवायचा प्रयत्न करायचा नसतो. ते नाही असं कळलं की हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी आणि रक्तदाब, इतकं तपासून घ्या. खासगी लॅबचा खर्च जमत नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत दाखवा. वजन चढणं, केस गळणं आणि पाळी बिघडणं, या तिन्हींमागे कधीकधी एकटा थायरॉईड असतो. तसं असेल तर जेवण तोडून काही हाती लागत नाही, गोळीच सुरू करावी लागते. चक्करेमागे ॲनिमिया असण्याची शक्यता मला जास्त वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. तपासण्या होईपर्यंत भरलेले हंडे उचलू नका. घरात मोठी माणसं आहेत, तेवढे दिवस त्यांनी उचलावेत.

आता लेकीचं. तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीपाशी मी सगळ्यात जास्त थांबले. पंधरा-सोळाच्या वयात हाडं भरत असतात, दर महिन्याला पाळीत रक्त जात असतं आणि वर बोर्डाची परीक्षा. या वयात रात्रीचं जेवण सुटलं तर कॅल्शियम, लोह, प्रथिनं सगळ्यांचीच ओढाताण होते. तिला ‘जेव गं’ म्हणून ती जेवणार नाही, कारण तिने आईला न जेवताना पाहिलंय. तुम्ही स्वतःचं ताट वाढून तिच्या शेजारी बसलात तर जेवेल. शक्य असेल तर आज रात्रीच बसा. आणि घरात वजनावरचं बोलणं पूर्ण थांबवा. तिच्या शरीराबद्दल नको, स्वतःच्याही नको. आरशासमोर ‘किती जाड दिसते मी’ असं तुम्ही म्हणता तेव्हा ती ते स्वतःला लावून घेते. तुम्ही जेवायला लागल्यावरही ती जेवण टाळत राहिली, जेवून लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली किंवा तिचीही पाळी चुकली, तर परीक्षा संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

काटा आधी झरझर खाली का आला आणि मग का अडकला, हे सांगते, म्हणजे स्वतःवरचा राग थोडा कमी होईल. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो. त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी-भात एकदम बंद केला की हा साठा रिकामा होतो आणि त्यासोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या पाच किलोंत या पाण्याचा वाटा मोठा असणार. पुन्हा दोन घास खाल्ले की पाणी परत येतं, त्याला तुम्ही ‘वजन वाढलं’ म्हणता. दरम्यान डाळ, अंडी, दूध कमी पडलं आणि हालचाल नाही, त्यामुळे स्नायूही झिजले. पगार अर्धा झाला की घर जसा हात आखडतं तसं शरीरही करतं. हालचाल मंदावते, थकवा येतो, पाळी थांबते. केसांवर उपासमारीचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, म्हणजे बरोबर आत्ता. खाणं सुधारलं की ते हळूहळू परत येतात, त्यासाठी वेगळ्या तेलाची गरज नाही. भराभर वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

आणि रात्री अकराला जे होतं त्यात तुमचा मनोनिग्रह कमी पडत नाही. दिवसभर इतकं कमी खाऊन नऊ तास मशीन चालवणाऱ्या कुणाचंही तेच होईल. संध्याकाळी साडेसात-आठला नीट जेवलात तर अकराच्या भुकेचा जोर काही दिवसांतच ओसरेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने वजन उतरवण्याचा सुरक्षित वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो सांगितला आहे, आणि दिवसाला १००० कॅलरींच्या खाली जाणारा आहार नको असंही बजावलं आहे. मे महिन्याला बारा आठवडे धरा. म्हणजे सहा किलो. पंधराच्या जागी सहा ऐकून तुमचा हिरमोड होईल, पण ते सहा किलो बहुतेक चरबीचे असतील, पाण्याचे नाहीत. ७६ किलोंमधले चार ते साडेसात किलो, म्हणजे पाच ते दहा टक्के उतरले, तरी रक्तदाब, साखर आणि गुडघ्यांवर चांगला परिणाम दिसतो. काट्याबरोबर टेपनेही मोजा, तुमच्या हाताशीच असतो. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरतात. घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, महिन्यातून एकदा घ्या. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी. रोज उभं राहिलात तर पाण्याचे चढउतार बघून जीव जाईल. लग्नाचा ब्लाउज एप्रिलअखेर बेता, आणि बाजूच्या शिलाईत इंचभर माया ठेवा.

भाकरीचं आता. मध्यम भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्यात वजनाला वजन धरलं तर कॅलरींचा फारसा फरक नाही. त्यामुळे ‘ज्वारी खाल्ली की वजन उतरतं’ हेही खरं नाही आणि ‘भाकरीने वजन वाढतं’ हेही नाही. ज्वारीचा फायदा वेगळा आहे. तिच्यात तंतू भरपूर असतात, ती चावून खावी लागते, पोटात टिकते, आणि भाजताना तेलाचा थेंब लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, इतकी चांगली ज्वारी आपल्या दारात पिकते, आणि ती सोडून तुम्ही डब्यातली पावडर पिताय याचं मला मनापासून वाईट वाटतं. कडक भाकरीबाबत मात्र एक सांगते. ती पातळ आणि कुरकुरीत, त्यामुळे बोलता बोलता किती संपल्या ते कळत नाही. आधी दोन ताटात काढा आणि डबा झाकून ठेवा.

दुपारच्या जेवणात एक ते दीड मऊ भाकरी किंवा दोन कडक, दोन वाट्या भाजी, एक मोठी वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, वाटीभर दही किंवा ताक आणि काकडी-कांदा-टोमॅटो. ताटाकडे बघितलं तर निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं दिसायला हवं. आमटी वरवरची पातळ घेऊ नका, तळातली डाळ घ्या. तुमच्या आहारात सगळ्यात मोठी उणीव प्रथिनांची आहे. दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम तरी लागतात. मटकी, हुलगे, हरभरा, तूर, मूग आलटून पालटून आणा. अंडी खात असाल तर रोज एक चालेल, त्यातून सहा ग्रॅम मिळतात. पालेभाज्या आणि डाळ एकत्र घोटून केलेला गरगट्टा तर तुमच्यासाठी उत्तम जेवण आहे, फक्त वरची फोडणी हात राखून. आंबाडी, शेपू, चाकवत, मेथी, ज्या दिवशी जी स्वस्त मिळेल ती. सकाळच्या पावडरीच्या जागी रात्रीची भाकरी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ. कधी धपाटे करा, तव्यावर चमचाभर तेलात. रात्री दुपारसारखंच, थोडं कमी. रविवारी मटण असेल तर खा, वरची तर्री बाजूला काढून.

भात खायचा असेल तर एक वाटी, आणि त्या जेवणात भाकरी निम्मी. हिशेब एवढाच.

ज्याच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही ते म्हणजे चहा. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोज साठ ग्रॅमच्या घरात. महिन्याला पावणेदोन किलोंच्या वर साखर एकट्या तुमच्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, तीही चहा, बिस्किटं, गोडधोड सगळं मिळून. चहा एकदम सोडा असं मी सांगणार नाही. मशीनवर मान मोडून बसलेल्या बाईला चहा म्हणजे उठण्याचं निमित्त असतं. तीन कपांवर या, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ बदलते. उठायचं निमित्त मात्र सहा वेळा ठेवा, बाकी तीन वेळा पाणी किंवा ताक. खारी-टोस्ट घेत असाल तर त्याऐवजी मूठभर फुटाणे.

तेलाचाही एकदा हिशेब करा. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो पुरे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या जातात. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर वेगळं काढा आणि तेवढ्यातच भागवायचं ठरवा. सासूबाईंना आधी सांगा, नाहीतर स्वयंपाकघरात खटके उडतात. शेंगाचटणी सोडू नका. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरीही आहेत. त्यामुळे एका जेवणाला एक चमचा, आणि तेल ओतून कालवण्याऐवजी दह्यात कालवून. चवीला कुठेही कमी पडत नाही.

सोमवारचा उपवास तुमच्या श्रद्धेचा आहे, तो ठेवा. महाशिवरात्रही तोंडावर आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, प्रथिनं नावालाही नाहीत, त्यात कूट आणि तूप-तेल पडलं की एक भरलेली बशी तुमच्या दुपारच्या ताटाएवढी होते आणि दोन तासांत परत भूक लागते. त्याऐवजी वाटीभर भगर, पातळ दाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची भाकरी आणि एखादं फळ. आपल्याकडचं डाळिंब खा, रस न काढता दाणेच. निरंकार उपवास मात्र तब्येत सुधारेपर्यंत करू नका. नैवेद्य दाखवून जेवलात तरी देव काही म्हणत नाही, असं मी तरी मानते.

व्यायामाबद्दल आधी एक स्पष्ट करते. अर्धा तास चाललात तर तुमच्या वजनाला सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. एखाद्या मोठ्या बटाटावड्यात त्याहून जास्त असतात. म्हणून ‘चालून जिरवीन’ या भरवशावर खाऊ नका. चालायचं ते साखर ताब्यात राहावी, झोप लागावी, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट व्हावेत आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून. आठवड्याला १५० मिनिटं हे मोठ्या माणसांसाठीचं किमान प्रमाण आहे, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम. पण सुरुवात तिथून नको. रिपोर्ट येईपर्यंत जेवणानंतर दहा मिनिटं गच्चीवर किंवा बोळात, दिवसातून तीनदा. चक्कर थांबली की सलग चाला. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने किंवा कंबर तलावावर सकाळी चालणाऱ्या बायका बऱ्याच असतात, एकटं वाटत नाही. एखादी शेजारीण सोबत घ्या. चप्पल घालून नाही, तळवा धरणारे बूट घालून आणि सपाट रस्त्यावर, म्हणजे गुडघे कमी कुरकुरतील. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सात वाजायच्या आत घरी यायचं आणि निघण्यापूर्वी पाणी प्यायचं. ज्या रात्री नळाला पाणी येतं आणि झोपमोड होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी चालायला सुट्टी घ्या. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, त्यामुळे अर्धा तास जास्त झोपलात तर तेही तुमच्या कामाचंच आहे.

मशीनवरच्या नऊ तासांकडे दुर्लक्ष केलं तर सकाळच्या अर्ध्या तासाचा निम्मा उपयोग जातो. दर गठ्ठ्याला, किंवा मोबाईलवर गजर लावून दर तासाला उठा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करा, गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. भिंतीला हात टेकून दहा वेळा ढकला. टाचा दहा वेळा वर-खाली. तीन मिनिटांत होतं, पिसाच्या हिशेबात एखादी शिलाई मागे पडेल, पण संध्याकाळी पाठ आणि पोटऱ्या कमी दुखतील. उड्या, दोरी, जिन्यावरची पळापळ सध्या नको. आणि गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

हिमोग्लोबिन कमी निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर त्या चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नका. आधी-नंतर तासभर तरी चहा नको, कारण चहा लोह शरीरात शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली गोळी जास्त लागू पडते. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नका, गोळीमुळे तसं होतं. पोट बिघडलं तर गोळी सोडून न देता डॉक्टरांना विचारून वेळ किंवा गोळी बदला. लेकीचंही हिमोग्लोबिन त्याच फेरीत करून घ्या. दोघींचे रिपोर्ट आले की आकडे मला लिहून पाठवा, तुमच्या ताटात त्याप्रमाणे काय बदलायचं ते कळवेन.